साब 900 टर्बोचा बूस्ट अर्ध्यावर थांबतो: टर्बो बदलण्याआधी काय तपासावं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरीनिमित्त तुम्ही स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आला आहात आणि 1987 ची साब 900 टर्बो 16, तीन दारांची, मॅन्युअल गिअरची, तुमच्या मनात भरली आहे. इंजिन नीट चालतं, धूर दिसत नाही. पण जोरात अॅक्सिलरेटर दिला तरी डॅशबोर्डवरचा टर्बोचा काटा नारिंगी पट्ट्याच्या साधारण मध्यावर येऊन थांबतो. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात ज्या दाबाने हवा कोंबतो, तो दाब म्हणजे बूस्ट, आणि हा काटा तोच दाखवतो. मालक म्हणतो टर्बो संपलाय, म्हणूनच किंमत उतरवली आहे, नवा बसवलात की गाडी पहिल्यासारखी पळेल. तुमचा मित्र म्हणतो, बदलायचाच आहे तर मोठा टर्बो बसव. आणि तुम्हाला कळत नाहीये की हा सौदा करावा, की त्यापेक्षा साब 9000 किंवा 9-5 बघावी.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. काटा का थांबतो हा एक, आणि गाडी घ्यावी का हा दुसरा. पहिल्याचं माझं उत्तर: तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून टर्बो खराब असण्याची शक्यता कमीच आहे. दुसऱ्याचं उत्तर टर्बोवर ठरतच नाही, ते गिअरबॉक्स आणि पत्र्यावर ठरतं. मी पश्चिम स्वीडनमध्ये याच गाड्यांचं काम करतो. ‘टर्बो गेलाय’ म्हणून ज्या 900 माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकींचा टर्बो मी खोलतही नाही. दोष दुसरीकडेच सापडतो, आणि अनेकदा तो एखाद्या फाटक्या नळीचा असतो.

हे असं का होतं ते समजायला साबने टर्बोचा विचार कसा केला होता ते थोडं सांगावं लागेल. सत्तरच्या दशकात टर्बो म्हणजे बीएमडब्ल्यू 2002 टर्बो किंवा पोर्श 911 टर्बो. वरच्या आरपीएमला एकदम अंगावर येणारी ताकद, खाली काहीच नाही. साब तेव्हा ट्रक बनवणाऱ्या स्कॅनियाशी एकत्र झालेली कंपनी होती आणि टर्बोचा अनुभव घरात होता. पेर गिल्ब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅरेट कंपनीचा लहान आकाराचा टर्बो घेतला, जो कमी आरपीएमलाच फिरायला लागेल, आणि दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट लावला. 1977 च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 99 टर्बो लोकांसमोर आली, पुढच्या वर्षी विक्रीला आली. 2 लिटर, चार सिलिंडर, 145 अश्वशक्ती. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला ओव्हरटेक करताना हवी तेव्हा ताकद मिळावी, बाकी वेळ साधी गाडी असावी, हा त्यामागचा हेतू होता. 1979 ची स्वीडिश रॅली स्टिग ब्लूमक्विस्ट यांनी याच 99 टर्बोवर जिंकली आणि जागतिक रॅली स्पर्धेत टर्बो गाडीने मिळवलेला तो पहिला विजय ठरला. पण या गाड्यांचं खरं मोठेपण मला रॅलीपेक्षा त्यानंतर आलेल्या एपीसीमध्ये (ऑटोमॅटिक परफॉर्मन्स कंट्रोल) दिसतं.

एपीसी ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलेली व्यवस्था. टर्बो इंजिनाचा शत्रू म्हणजे नॉकिंग. पेट्रोल हलकं असेल, हवा गरम असेल, तर दाबाखाली मिश्रण वेळेआधी आणि वेडंवाकडं पेटतं आणि पिस्टन मार खातो. त्यापासून वाचण्यासाठी 99 टर्बोचं कॉम्प्रेशन 7.2 इतकं कमी ठेवावं लागलं होतं, त्यामुळे बूस्ट नसताना इंजिन थोडं मरगळलेलं वाटायचं. एपीसीमध्ये इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक ऐकणारा सेन्सर बसवला, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा दुसरा सेन्सर बसवला, आणि दोघांचं ऐकून विजेवर उघडझाप करणाऱ्या एका सोलेनॉइड झडपेला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. नॉक ऐकू आलं की दाब उतरवायचा, थांबलं की पुन्हा चढवायचा, आणि हे चालत्या गाडीत सतत. त्या भरवशावर आठ व्हॉल्व्हच्या टर्बोचं कॉम्प्रेशन 8.5 वर नेता आलं आणि सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात 9 वर. म्हणून तुमच्या 900 मध्ये 175 अश्वशक्ती आणि 3000 आरपीएमलाच 273 न्यूटन मीटर टॉर्क मिळतो, आणि तरीही ती साधं पेट्रोल टाकलं म्हणून इंजिन फोडून घेत नाही.

आता तुमच्या काट्याकडे येतो. वेस्टगेट ही टर्बोच्या बाजूने एक्झॉस्ट वळवून देणारी झडप. ती स्प्रिंगने बंद असते आणि टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा, दाब एका ठरावीक मर्यादेपर्यंत गेला की कुकरच्या शिट्टीसारखी आपोआप उघडते. ही मर्यादा म्हणजे बेसिक बूस्ट, साधारण 0.3 ते 0.4 बार. त्याच्या वरचा सगळा बूस्ट एपीसी मिळवून देते. कसा, तर सोलेनॉइड उघडून, वेस्टगेटकडे जाणारा दाब अधूनमधून परत इनटेककडे सोडून. वेस्टगेटला वाटतं दाब अजून कमीच आहे, ती बंद राहते, टर्बो आणखी फिरतो, आणि दाब 0.7 बारच्या आसपास पोचतो. म्हणजे एपीसीचा कुठलाही भाग काम करेनासा झाला, वायर तुटली, सोलेनॉइड अडकला, डब्याने संशय घेतला, तर गाडी आपसूक बेसिक बूस्टवर येऊन थांबते. डॅशबोर्डवरच्या त्या मीटरला आकडे नाहीत, नुसते रंगाचे पट्टे आहेत, पण नारिंगीच्या मध्यावर ठाम थांबणारा काटा मला तरी बेसिक बूस्टसारखाच वाटतो. आणि टर्बो तिथपर्यंत चपळपणे पोचत असेल, तर तो फिरतोय, हवा ढकलतोय, त्याला आणखी वर जायची परवानगी मिळत नाहीये एवढंच.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, काटा तिथे पोचतो कसा. झपकन जाऊन थांबत असेल तर दोष नियंत्रणाच्या बाजूला शोधायचा. रेंगाळत, नाइलाजाने वर चढत असेल तर हवा कुठेतरी गळते आहे, किंवा एक्झॉस्ट टर्बोच्या आधीच बाहेर पडतो आहे, किंवा वेस्टगेट अर्धवट उघडा अडकला आहे. आणि हे सगळं नसेल तरच टर्बो. आणि काटा तांबड्यात जाऊन गाडी एकदम धक्का खात असेल, जणू कुणी चावी फिरवली, तर दाब जास्त होतोय आणि सुरक्षेचा स्विच इंधनपंप बंद करतोय. ते लक्षण तुमच्या गाडीत नाही, पण वेस्टगेटची नळी निसटली की नेमकं हेच होतं, म्हणून लक्षात ठेवा.

तुमच्या बाबतीत मी ज्या क्रमाने जाईन तो सांगतो. यातला अर्धा भाग तुम्ही गाडी विकत घेण्याआधी मालकासमोर करू शकता.

सर्वांत आधी मीटरवर विश्वास ठेवू नका. त्याच्याकडे जाणारी बारीक नळी इतक्या वर्षांत कडक होऊन चिरते आणि मीटर कमी दाखवतो. त्या नळीत टी आकाराचा जोड लावून बारमधले आकडे दाखवणारा साधा गेज जोडा आणि तिसऱ्या गिअरमध्ये, एखाद्या लांब चढावर, 3000 आरपीएमच्या आसपास पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन बघा. खरा आकडा 0.65 निघाला तर गाडीत काहीच बिघाड नाही, मीटर खोटं बोलतोय. असंही घडतं.

आकडा खरोखरच 0.35 च्या आसपास निघाला, तर पुढच्या भागात असलेला सोलेनॉइड शोधा. त्याला तीन नळ्या असतात, आणि त्यावर सी, डब्ल्यू, आर अशी अक्षरं असतात. सी कॉम्प्रेसरकडून येते, डब्ल्यू वेस्टगेटकडे जाते, आर परत इनटेककडे. या तीनपैकी कुठली अदलाबदल झाली आहे का, कुठली चेपली आहे का, टोकाला फाटली आहे का, बघा. मग सोलेनॉइडचं वायरिंगचं कनेक्टर काढून पुन्हा तोच चढ चढा. बूस्टमध्ये काहीच फरक पडला नाही, तर सिद्ध झालं की एपीसी आधीपासूनच काम करत नव्हती. त्या पुढे सोलेनॉइडचं कॉइल मल्टिमीटरवर तपासणं, आत तेलकट चिकटा जमला असेल तर साफ करणं, डब्यातले जुने कपॅसिटर आणि सोल्डरचे जोड बघणं, दाबाच्या सेन्सरची नळी बघणं, असा प्रवास होतो. हे सगळं एका शनिवारच्या कामाचं आहे.

फरक पडला, म्हणजे कनेक्टर काढल्यावर बूस्ट आणखी खाली आला, तर एपीसी जिवंत आहे आणि ती मुद्दाम दाब रोखते आहे. याचा अर्थ तिला नॉकिंग ऐकू येतंय. कधी ते खरं असतं, कधी भास. खरं असेल तर कारणं शोधा: जुने किंवा चुकीच्या हीट रेंजचे प्लग, पुढे सरकलेली इग्निशनची वेळ, हवेच्या गळतीमुळे पातळ झालेलं मिश्रण, टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर कचऱ्याने भरलेला. इथे एक सोपी परीक्षा आहे. टाकी जवळजवळ रिकामी करून 98 ऑक्टेन भरा आणि पुन्हा चढ चढा. काटा पुढे गेला तर एपीसी तिचं काम चोख करते आहे आणि इंजिनाला हलकं पेट्रोल किंवा चुकीचं ट्यूनिंग सहन करावं लागतंय. स्वीडनमध्ये ऑगस्ट 2021 पासून 95 हे दहा टक्के इथेनॉलचं ई10 झालंय आणि 98 मध्ये ते प्रमाण पाच टक्के आहे, त्यामुळे अशा गाडीत 98 भरायला आणखी एक कारण आहे. तिच्या जुन्या रबरी इंधननळ्यांना जास्त इथेनॉल सोसत नाही. गाडी घेतलीत तर त्या नळ्या पहिल्या महिन्यात बदला. बॉनेटखाली पेट्रोलची गळती ही गोष्ट अंगावर काढायची नसते.

हवेच्या गळतीसाठी इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंच्या जाड रबरी नळ्या हाताने दाबून, वाकवून बघा. चिरा खालच्या बाजूला असतात, वरून दिसत नाहीत. बायपास झडप बसवलेली असेल तर तिचा पडदा फाटलाय का बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी काळे डाग, थंड इंजिनात टिकटिक आवाज, तुटलेला स्टड, या खुणा असतील तर टर्बोला मिळायचा एक्झॉस्ट वाटेतच निघून जातोय.

आणि सगळ्यात शेवटी टर्बो. एअर फिल्टरकडून येणारी नळी काढून आतला शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा थोडा खेळ असतो, तो तेलाची फिल्म बसण्यासाठी ठेवलेलाच असतो. पण पाती कडेला घासत असतील, शाफ्ट पुढेमागे सरकत असेल, गाडी उतारावर सोडून पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर येत असेल, किंवा इंटरकूलरच्या नळीतून तेल अक्षरशः ओतता येत असेल, तर मात्र टर्बोचं काम काढा. तेव्हाही मूळ मापाचा टर्बो रिपेअर करून घ्या. तुमच्या गाडीच्या वयाचे टर्बो फक्त तेलाने थंड होतात, पाण्याने थंड होणारे नंतर आले. म्हणून हायवेवरून आल्यावर मिनिटभर इंजिन आयडलला ठेवून मग बंद करायची सवय लावा आणि तेल वेळेआधी बदला. बेअरिंगमध्ये करपलेलं तेल हेच यांच्या मरणाचं नेहमीचं कारण.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण यात चांगली इंजिनं वाया गेलेली मी पाहिली आहेत. वेस्टगेटच्या दांड्याला आटे असतात. तो फिरवून आखूड केला की बेसिक बूस्ट वाढतो आणि काटा लगेच पुढे जातो. मालकाला किंवा मित्राला हा उपाय माहीत असतो आणि तो फुकट असतो. पण विचार करा, एपीसी इंजिनाला वाचवते कशी? तिच्या हातात एकच गोष्ट आहे, दाब बेसिकपर्यंत उतरवणं. ठिणगीची वेळ ती बदलत नाही. बेसिकच वर नेऊन ठेवलात तर नॉकिंग ऐकूनही तिला मागे सरकायला जागा उरत नाही. आणि ज्या कारणाने ती दाब रोखत होती ते कारण तसंच राहतं. मोठ्या टर्बोबद्दलही माझं हेच म्हणणं आहे, शिवाय मोठा टर्बो उशिरा जागा होतो, म्हणजे 3000 ला मिळणारा तो टॉर्क, ज्यासाठी ही गाडी घ्यायची, तोच तुम्ही घालवून बसता. आणि वरच्या आरपीएमला जो जास्तीचा टॉर्क मिळतो तो गिअरबॉक्सला झेपत नाही.

गिअरबॉक्सविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे तिथे जातात. 900 ची रचना जगावेगळी आहे. इंजिन लांबीत बसवलंय, 45 अंशात कलतं, आणि उलटं: क्लच पुढे रेडिएटरच्या बाजूला, टायमिंग चेन मागे केबिनच्या भिंतीला टेकलेली. क्लचकडून ताकद प्रायमरी चेनने खाली उतरते आणि इंजिनाच्या पोटाखाली असलेल्या गिअरबॉक्समध्ये जाते. याचा फायदा असा की क्लच प्लेट बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही, समोरून काम होतं. तोटा असा की गिअरबॉक्सला हात लावायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मिळून वर काढावे लागतात. आणि या रचनेचं मूळ 1967 च्या 99 मध्ये आहे, ज्या गाडीत तेव्हा 80 च्या आसपास अश्वशक्ती होती. पुढे पाचवा गिअर आला, सुधारणा झाल्या, पण पिनियन आणि डिफरन्शियलच्या बेअरिंगवर टर्बो 16 चा टॉर्क हा कायम भारच राहिला.

तेव्हा चाचणी घेताना रेडिओ बंद ठेवा. गाडी थंड असतानाच सुरू करा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. प्रत्येक गिअरमध्ये अॅक्सिलरेटर द्या आणि एकदम सोडा. भार पडल्यावर घरघर आणि सोडल्यावर वेगळा सूर, असं येत असेल तर पिनियनचं बेअरिंग बोलतंय. चेनचा हलका गुणगुणता आवाज असतोच, त्याने घाबरू नका. दुसऱ्या गिअरमध्ये पटकन टाकताना खरखर होते का, म्हणजे गिअर बिनआवाज जुळवणारा सिंक्रो झिजलाय का, बघा. सपाट जागी रिव्हर्समध्ये थोडा जोर लावून मागे घ्या आणि गिअर सुटतो का बघा. या गाडीत चावी दोन सीटांच्या मध्ये लागते आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे रिव्हर्स नीट बसत नसेल तर रोजचीच कटकट. शेवटी शक्य झालं तर गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून बघा. ते इंजिनाच्या तेलापासून वेगळं असतं आणि त्यातली धातूची चमक खोटं सांगत नाही. बारीक करडा लगदा चालेल, डोळ्यांना दिसणारे कण असतील तर किंमत ठरवताना पूर्ण गिअरबॉक्सचं काम धरा किंवा गाडी सोडून द्या. गिअरबॉक्स पुन्हा बांधणारे जाणते लोक स्वीडनमध्ये आहेत, पण हे काम स्वस्त नाही आणि काही भाग आता जुन्या गिअरबॉक्समधूनच काढावे लागतात.

दुसरी मोठी गोष्ट पत्रा. इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात आणि ही गाडी पस्तीस-चाळीस हिवाळे बघून आली आहे. दाराच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानी सगळे बघतात, आणि तो गंज बरा करता येतो. मी आधी बॉनेट उघडून, टॉर्च घेऊन, पुढचे एक्सल जिथून आत जातात ती जागा, म्हणजे एक्सलचा बोगदा, बघतो. तिथल्या आतल्या पत्र्यावर सस्पेन्शनचा भार असतो, चिखल तिथे साचतो, आणि वरून काही कळत नाही. बॅटरीचा ट्रे, डिकीतली स्टेपनीची खळगी, मागच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या वरच्या जागा, पुढच्या काचेची चौकट, हेही बघा. पुढच्या सीटांखालची चटई उचला. ओलसर असेल तर पाणी येतंय कुठून ते शोधायला हवं. खालून टेक्टिल या काळ्या गंजरोधक लेपाचा ताजा, जाड थर मारलेला दिसला तर आनंद मानू नका, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. एक्सलच्या बोगद्यात आणि सस्पेन्शनच्या जागी गंज आरपार असेल, तर बूस्ट पूर्ण असला तरी मी ही गाडी घ्यायला सांगणार नाही.

1987 च्या मॉडेलची एक खासियत: हँडब्रेक पुढच्या चाकांवर काम करतो. 1988 पासून तो मागे गेला. तुमच्या गाडीचे पुढचे कॅलिपर त्यामुळे वेगळे असतात, अडकले तर सुटे भाग महाग पडतात. जॅक लावून चाकं हाताने फिरवून बघा. छताचं कापड लोंबत असेल तर तो या सगळ्याच गाड्यांचा आजार आहे, त्यासाठी किंमत पाडू नका, पण मालक त्याला मोठं काम म्हणून घाबरवत असेल तर घाबरूही नका.

इंजिनाची मला कमी काळजी वाटते. हेच 2 लिटर, सोळा व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन आडवं बसवून साबने 9000 मध्ये दिलं, आणि 1986 च्या ऑक्टोबरमध्ये तशा तीन गाड्या अमेरिकेतल्या टालाडेगाच्या ट्रॅकवर प्रत्येकी 1,00,000 किलोमीटर पळवल्या. सगळ्यात वेगवान गाडीची सरासरी, पेट्रोल भरायला आणि देखभालीला थांबण्याचा वेळ धरून, ताशी 213 किलोमीटर होती. तुमच्या गाडीत हेड गॅस्केटच्या कोपऱ्यातून तेल किंवा कूलंट पाझरतंय का, थंड इंजिन सुरू करताना टायमिंग चेन काही क्षणांपेक्षा जास्त वाजते का, हीटरच्या झडपेतून पाणी गळून चटई भिजलीय का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

आता 9000 आणि 9-5 विषयी. इथे उत्तर तुमच्या परिस्थितीवर आहे. ही तुमची एकमेव गाडी असणार असेल, बर्फात रोज चालवायची असेल, गॅरेज नसून ती रस्त्यावर उभी राहणार असेल, तर 900 मी सुचवणार नाही. ती चालेल, पण दोन-तीन हिवाळ्यांत पत्रा संपेल, आणि वाचलेल्या गाड्या आता मोजक्या आहेत. अशा वेळी नव्वदच्या दशकातली 9000 बघा. 2.3 लिटरच्या इंजिनात कंपनं मारणारे बॅलन्स शाफ्ट आहेत, 1993 पासूनच्या ट्रायॉनिक या इंजिन-नियंत्रण व्यवस्थेत इंधन, ठिणगी आणि बूस्ट तिन्ही एकाच संगणकाच्या हातात आहेत, आणि नॉकिंग ओळखायला ती चक्क स्पार्क प्लगच वापरते. गिअरबॉक्सही जास्त मजबूत. तिचा दुखरा भाग म्हणजे प्लगच्या वर बसणारी इग्निशनची कॅसेट. डिकीत एक चालू स्थितीतली ठेवावी. 9-5 आरामात सगळ्यात वरची, पण सुरुवातीच्या, साधारण 1998 ते 2003 च्या पेट्रोल गाड्यांत तेलाचा गाळ साचून तळातली जाळी तुंबते आणि इंजिन बसतं. घेण्याआधी ऑइल पॅन खाली उतरवून जाळी साफ केल्याची पावती मागा. पावती नसेल तर ते काम पहिल्या आठवड्यात करा, आणि क्रँककेसच्या वाफा बाहेर काढणारी व्यवस्था सुधारित आहे का बघा.

पण तुमच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी किंवा चांगली ट्राम आहे, कोरडी जागा आहे, आणि मीठ पडायला लागलं की ती झाकून ठेवायची तयारी आहे, तर 900 जरूर घ्या. तिची वाकलेली पुढची काच, पुढच्या बाजूला उघडणारं बॉनेट, आणि 70 वरून 110 वर ती ज्या सहजतेने जाते ते दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळत नाही. सुट्या भागांची भीती सांगणारे खूप भेटतील. साबच्या मोटार कंपनीचं दिवाळं 19 डिसेंबर 2011 ला निघालं हे खरं, पण भाग पुरवणारी शाखा वेगळी होती, ती पुढे ओरिओ या नावाने चालू राहिली, आणि झिजणारे भाग, म्हणजे ब्रेक, क्लच, नळ्या, गॅस्केट, सेन्सर, हे आजही मिळतात. मिळत नाहीत ते पत्र्याचे काही भाग, ट्रिम आणि गिअरबॉक्सच्या आतल्या वस्तू. म्हणून मी पुन्हा पुन्हा त्याच दोन ठिकाणी बोट ठेवतोय. तुम्ही गोथेनबर्गला आहात, साबचं गाव ट्रोलहेत्तान तिथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर आहे. तिथलं साब म्युझियम बघून या, आणि तिथल्या क्लबच्या माणसांशी बोला. गाडी घ्यायच्या आधी त्यांच्यापैकी कुणाला दाखवता आली तर फारच उत्तम.

सौद्याच्या वेळी मालकाशी वाद घालू नका. तो टर्बो गेलाय म्हणतोय आणि त्याप्रमाणे किंमत उतरवतोय, तर ती किंमत गृहीत धरा आणि आपल्या तपासण्या करून घ्या. 900 मला इतकी प्रिय आहे म्हणूनच सांगतो, गिअरबॉक्स वाजत असेल तर मोह आवरा, दुसरी मिळेल.

तपासणी झाली की मला चार गोष्टी लिहून कळवा: खऱ्या गेजवर दिसलेला जास्तीत जास्त दाब, सोलेनॉइडचं कनेक्टर काढल्यावरचा दाब, 98 पेट्रोलवर फरक पडला का, आणि तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडल्यावर कसा आवाज आला. एक्सलच्या बोगद्याचे दोन्ही बाजूंचे फोटोही पाठवा, टॉर्चच्या उजेडात आणि जवळून काढलेले. त्यावरून ही गाडी घ्या की सोडा, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगेन.